फुकटचं काळं खत

मैलाशुद्धीकरण केंद्रात गाळ सुकवायचे वाफे असतात. खाली खडी, वर वाळू, चारी बाजूंनी बुटक्या भिंती. त्यात काळा पातळ गाळ सोडतात. थोडं पाणी वाळूतून झिरपतं, थोडं उन्हानं उडतं, आणि दोन-तीन आठवड्यांत उन्हाळ्यातल्या तळ्याच्या तळासारख्या भेगा पडतात. त्या भेगांतून टोमॅटोची रोपं वर येतात. कोणी लावलेली नसतात. शहरानं खाल्लेल्या टोमॅटोचं बी पोटातून, गटारातून, पंपातून, हवेच्या टाकीतून तावूनसुलाखून इथवर येतं आणि मजेत रुजतं. कधी कलिंगडाचा वेलही दिसतो.

त्या रोपांचा हिरवा रंग पाहून कुणाही शेतकऱ्याला हेवा वाटावा. मी तिथल्या ऑपरेटरला विचारलं, टोमॅटो लागतात का? "लागतात की मॅडम, चांगले मोठे लागतात. पण आम्ही खात नाही." का? तर किळस वाटते.

किळस हे तसं शहाणं कारण आहे. जंत, पटकी, विषमज्वर यांच्यापासून माणसाला किळसेनंच पिढ्यान् पिढ्या वाचवलं. पण आपल्याच लोकांनी ही किळस बाजूला ठेवून सोनखत वापरलं आणि त्यावर भाज्या पिकवल्या, कारण मैला कुजवला, नीट तापू दिला की त्यातले रोगजंतू मरतात हे अनुभवानं माहीत झालं होतं. माझा मुद्दा जंतूंचा नाहीच. गाळात दुसरंही काही असतं, त्याला वास नाही, रंग नाही, आणि ते कितीही कुजवलं तरी मरत नाही, कारण ते कधी जिवंतच नव्हतं. शिसं, कॅडमियम, निकेल, क्रोमियम, तांबं, जस्त, पारा.

मी माती आणि खतं तपासणाऱ्या एका खासगी प्रयोगशाळेत बरीच वर्षं काढली. तिथे येणाऱ्या नमुन्यांत गाळाची पिशवी ओळखायला लेबल लागत नसे. हलकी, काळी, चुरचुरीत, आणि हाताला जरा तेलकट. नत्र (नायट्रोजन) भरपूर, स्फुरद (फॉस्फरस) भरपूर, सेंद्रिय कर्ब (कार्बन) तर विचारूच नका. हे आकडे लिहिताना छान वाटायचं. पुढचे आकडे कोणी मागितले तरच काढायचे, आणि मागणारे थोडे.

हा विषय पुन्हा डोक्यात शिरला तो माझ्या मामेभावामुळे. बापूदादाची शेती पुण्याच्या पूर्वेला, मुळा-मुठेच्या खालच्या अंगाला. त्या पट्ट्यातल्या लोकांना पुण्याचं सांडपाणी नवीन नाही. नदीतून मोटारीनं उचललेलं पाणी शेताला देणं तिथे पिढीजात चालत आलंय, आणि पुरंदर उपसा योजनेतून तर कोरेगाव मूळजवळून उचललेलं मुळा-मुठेचं पाणी डोंगर चढून पुरंदरच्या कोरड्या गावांपर्यंत जातं. बापूदादाचा फोन आला तो पाण्याबद्दल नव्हता. "एसटीपीचं काळं खत मिळतंय. फुकट. ट्रॅक्टरचं भाडं तेवढं आपलं. घेऊ का?"

एसटीपी म्हणजे तेच मैलाशुद्धीकरण केंद्र, आणि काळं खत म्हणजे तिथला सुकलेला गाळ. त्याला लगेच हो किंवा नाही म्हणता आलं नाही. शेणखताची ट्रॉली आज कुणाला परवडते? गोठेच राहिले नाहीत तर शेण कुठून येणार? रासायनिक खताच्या गोणीसाठी रांग, आणि जमिनीतला कर्ब दरवर्षी खाली. अशा माणसाला "गाळ वाईट, हात लावू नकोस" असं सांगणं सोपं असतं, पण ते मला अर्धवट वाटतं. शहरानं गावाकडून धान्य, भाजी, दूध घेतलं. त्यातलं नत्र-स्फुरद परत गावाकडे जावं यात न्याय आहे. फक्त त्या ट्रॉलीत बसून आणखी कोण येतंय, हे पाहायला हवं.

धातू गाळात येतात कसे, ते जरा सांगते, कारण इथे एक विचित्र गोम आहे. सांडपाणी स्वच्छ करायची आजची मुख्य पद्धत १९१४ साली मँचेस्टरच्या डेव्हिहल्म केंद्रात आर्डर्न आणि लॉकेट या दोघांनी मांडली. मैलापाण्यात हवा सोडत राहायची, त्यात वाढलेले सूक्ष्मजीव खाली बसू द्यायचे, वरचं निवळ पाणी काढून घ्यायचं आणि तोच गाळ परत नव्या पाण्यात मिसळायचा. त्यांचे मार्गदर्शक गिल्बर्ट फाउलर पुढे बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्राध्यापक म्हणून आले, म्हणजे ही कल्पना आपल्याकडे यायला फार वेळ लागला नाही. पुण्यातलं भैरोबा नाल्याचं दिवसाला १३ कोटी लिटरचं केंद्र याच कुळातलं.

आता गोम अशी, की त्या सूक्ष्मजीवांचे जे पुंजके बनतात ते चिकट असतात आणि धातू त्यांना पटापट चिकटतात. पाणी निवळतं तेव्हा बरेचसे धातू पुंजक्यांबरोबर तळाला जातात. म्हणजे केंद्र जितकं नेटकं चालेल तितकी नदी स्वच्छ आणि गाळ जड. केंद्र बंद पडलं तर तेच धातू नदीत. दोन्हीकडून ते कुठेतरी आहेतच. पुढे गाळ पचनटाकीत, म्हणजे तो कुजवायच्या बंद टाकीत गेला, की सेंद्रिय भागातला बराचसा वायू होऊन उडतो. धातू उडत नाहीत, म्हणून उरलेल्या किलोमागे त्यांचं प्रमाण वाढतं. कंपोस्ट केलं तरी तेच. जाळलं तर पारा सोडून बाकीचे राखेत आणखी दाट. "प्रक्रिया केलेला गाळ" हे शब्द ऐकले की लोकांना हायसं वाटतं. जंतूंच्या बाबतीत ते बरोबर आहे, धातूंच्या बाबतीत काहीसं उलट.

येतात कुठून? पहिलं बोट कारखान्यांकडे जातं आणि ते योग्यच आहे. प्लेटिंगच्या, म्हणजे धातूचा मुलामा देणाऱ्या छोट्या शेड, बॅटरीची कामं, रंग, चामडं. कानपूरच्या जाजमऊमध्ये तर गंगा कृती आराखड्यात बांधलेलं ३६ एमएलडीचं (एक एमएलडी म्हणजे दिवसाला दहा लाख लिटर) केंद्रच असं होतं, की त्यात २७ एमएलडी घरगुती मैलापाणी आणि ९ एमएलडी चामड्याच्या कारखान्यांचं पाणी एकत्र यायचं. त्या गाळात क्रोमियम असणार हे सांगायला प्रयोगशाळा लागत नाही.

पण घरगुती मैलापाणी धातूंच्या बाबतीत सोवळं नसतं. कोंड्यावरच्या शाम्पूत जस्त असतं, बाळाच्या रॅशवरच्या मलमात जस्त असतं. गॅल्व्हनाइज्ड पाइप आणि पत्रे झिजतात. रस्त्यावर टायर घासला जातो, त्याच्या रबरातही जस्त, आणि आपल्याकडे पावसाचं पाणी नि ड्रेनेज वेगळं राहील अशी आशा कोण धरतो? दातांत भरलेल्या चांदीत पारा. पेठेतल्या दागिने उजळायच्या दुकानामागची मोरी थेट ड्रेनेजलाच जोडलेली. मी स्वतः रोज सकाळी डोकं धुताना त्या गाळात थोडं जस्त घालतेच आहे.

बापूदादाला आकडे आवडतात, म्हणून आम्ही फोनवरच हिशेब मांडला. एक एकराचा नांगरटीचा, म्हणजे वरचा सहा इंचांचा थर साधारण आठ लाख किलो माती. समजा एकरी चार टन कोरडा गाळ टाकला आणि त्यात कॅडमियम किलोमागे ४० मिलिग्रॅम आहे. म्हणजे वावरात १६० ग्रॅम कॅडमियम गेलं. मातीत भागलं तर किलोमागे ०.२ मिलिग्रॅम. ऐकायला काहीच नाही. पण पाच वर्षं दरवर्षी टाकलं तर एक मिलिग्रॅम, आणि युरोपच्या १९८६ च्या गाळविषयक निर्देशात शेतजमिनीसाठी कॅडमियमची मर्यादा एक ते तीन मिलिग्रॅम आहे. हाच गाळ किलोमागे पाच मिलिग्रॅमचा असता तर तिथे पोचायला चाळीस वर्षं लागली असती. "म्हणजे सगळं ट्रॉलीत काय आहे त्याच्यावर," बापूदादा म्हणाला. अगदी.

मी मुद्दाम ४० आणि ५ घेतले. गाळातल्या कॅडमियमसाठी त्याच युरोपीय निर्देशाची मर्यादा २० ते ४० आहे. अमेरिकेच्या १९९३ च्या नियमात सगळ्यांत चांगल्या प्रतीच्या गाळाला ३९, आणि त्यापलीकडे कमाल ८५. आपल्याकडे खत नियंत्रण आदेशात शहरी कचऱ्याच्या कंपोस्टसाठी कॅडमियम ५, शिसं १००, निकेल ५०, पारा ०.१५. कागदावर आपण अमेरिकेपेक्षा कितीतरी कडक आहोत. कागदावर. गोणीत भरून, छापील नाव लावून विकलेल्या कंपोस्टला ही मोजपट्टी लागते. केंद्राच्या मागच्या फाटकातून ट्रॅक्टरमध्ये भरून गेलेल्या ढिगाला कोण आणि कुठे लावणार?

धातूंचं वागणंही सारखं नसतं, आणि ते मला नेहमीच मनोरंजक वाटत आलंय. जस्त, तांबं, निकेल जास्त झाले तर पीकच आधी पिवळं पडतं, खुरटतं. शेतकऱ्याला नुकसान होतं पण त्याच्या ताटात विष पोचायच्या आधी इशारा मिळतो. शिसं मुळाशीच अडून बसतं. ते पोटात जातं ते बहुधा न धुतलेल्या भाजीवरच्या धुळीतून. कॅडमियम मात्र पिकाला काही होऊ न देता त्यातून पुढे सरकतं. पालक तर ते विशेष ओढून घेतो. पीक हिरवंगार, बाजारात भाव चांगला, आणि ते खाणाऱ्याच्या मूत्रपिंडात दहा-दहा, वीस-वीस वर्षं साठत राहतं. जपानमध्ये तोयामा भागात खाणीचं कॅडमियम जिंझू नदीतून भातखाचरांत उतरलं आणि त्या तांदळावर जगलेल्या, मुख्यतः वयस्कर, बायकांची हाडं ठिसूळ झाली. 'इताई-इताई' हा प्रदूषणामुळे झालेला आजार आहे हे तिथल्या सरकारनं १९६८ मध्ये मान्य केलं. ते खाणीचं पाणी होतं, मैल्याचा गाळ नव्हता, आणि प्रमाणही फार मोठं होतं. बापूदादाला मी हे घाबरवायला सांगितलं नाही. कॅडमियमचा रस्ता कसा असतो तेवढं सांगितलं.

त्याच्या बाजूनंही एक गोष्ट होती, ती सांगितली नसती तर बेईमानी झाली असती. आपली काळी जमीन. चिकणमाती भरपूर, चुनखडी भरपूर, सामू (pH) आठच्या आसपास, म्हणजे आंबटाच्या उलट बाजूला. अशा मातीत धातू घट्ट बांधले जातात आणि मुळांना सहज मिळत नाहीत. उलट कोकणातली तांबडी जांभ्याची जमीन आंबट. तिथे तोच गाळ टाकला तर कॅडमियम जास्त मोकळं होईल. म्हणून गाळ चांगला की वाईट, याचं अर्धं उत्तर तो कुठे टाकणार यात असतं. पण बांधलेलं म्हणजे गेलेलं नव्हे. ते तिथेच बसलेलं असतं.

किती काळ? इथे मला इंग्लंडमधल्या वोबर्नची आठवण काढल्याशिवाय राहवत नाही. बेडफर्डशायरमधल्या तिथल्या रेताड जमिनीवर १९४२ मध्ये एक प्रयोग सुरू झाला. भाजीपाल्याच्या शेतीत सेंद्रिय खतं कशी चालतात हे पाहायचं होतं: काही वाफ्यांना शेणखत, काहींना लंडनच्या पश्चिम भागातला मैल्याचा गाळ. धातूंचं नावही कुणाच्या मनात नव्हतं. १९६१ पर्यंत गाळ टाकला, मग थांबवला. त्यानंतर वीसेक वर्षांनी रॉथॅमस्टेड या शेती संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी तीच माती पुन्हा तपासली. धातू तिथेच होते.

त्यातही एक गंमत आहे. हिशेब केला तेव्हा टाकलेले सगळे धातू वाफ्यात सापडेनात. थोडे कमी भरत होते. साहजिकच वाटलं, पाण्याबरोबर खोल झिरपले असणार, म्हणजे जमीन हळूहळू का होईना स्वतःला धुऊन काढते. तिथलेच स्टीव्ह मॅकग्रा आणि त्यांच्या सहकाऱ्याने शेजारच्या पट्ट्यांची माती तपासली तेव्हा हरवलेला माल सापडला. खाली गेलाच नव्हता. नांगराच्या फाळाबरोबर दरवर्षी थोडी थोडी माती सरकत शेजाऱ्याच्या वाफ्यात गेली होती. बांधाबांधावरून भांडणारे आपण, आपल्याला हे समजावून सांगायला नको.

त्याहून मोठी गोष्ट पांढऱ्या क्लोव्हरची. हे द्विदल चाऱ्याचं पीक, आपल्या लसूणघास-बरसीमच्या नात्यातलं. शेणखताच्या वाफ्यात ते छान वाढलं. जुन्या गाळाच्या वाफ्यात फिकं आणि खुरटं. वरून नत्र दिलं की तिथेही वाढायचं, म्हणजे धातूंनी पिकाला थेट मारलं नव्हतं. मारलं होतं त्याच्या मुळावरच्या जिवाणूंना. हवेतलं नत्र धरणारे रायझोबियमचे नाना वाण त्या मातीतून नाहीसे झाले होते, आणि जो उरला होता तो गाठी करायचा पण काम करायचा नाही. मुळावर गाठी दिसायच्या, बारीक आणि पांढऱ्या, आतून रिकाम्या म्हटल्या तरी चालेल.

दिवाळीनंतर बापूदादाकडे गेले होते. हरभरा फुलाला आलेला. मी एक रोप खुरप्यानं मोठ्या ढेकळासकट उकरलं, ओढून काढलं तर गाठी मातीतच तुटून राहतात. बादलीत बुडवून माती सोडवली. मुख्य मुळाच्या वरच्या भागात गाठींचे झुबके होते, काही एकेकट्या, काही बोटांसारख्या फाटे फुटलेल्या. एक गाठ अंगठ्याच्या नखानं चिरली. आत गुलाबी, जवळजवळ मांसासारखा रंग. आपल्या रक्ताला लाल करणाऱ्या द्रव्याच्याच जातीचं द्रव्य तिथे असतं, म्हणून. गुलाबी असेल तर काम चालू आहे. हिरवट-करडी असेल तर गाठ म्हातारी झाली, आणि आत पांढरी असेल तर ती गाठ नुसतीच खाऊन बसलेली. बापूदादानं स्वतः सात-आठ फोडून पाहिल्या. त्याची बायको म्हणाली, "ताई, एवढी वर्षं हरभरा करतोय, हे कुणी दाखवलं नव्हतं." मग तिनेही दुसऱ्या सरीतलं एक रोप उपटलं. तेही गुलाबी निघालं.

मला वाटतं, गाळाचा धोका सांगताना आपण कर्करोगाच्या बातम्यांकडे फार लवकर धावतो. शेतकऱ्याचं पहिलं नुकसान याहून साधं असू शकतं: हरभऱ्याला, भुईमुगाला फुकट मिळणारं नत्र बंद होणं. ज्या खतानं नत्र द्यायचं त्याच खतानं नत्राची घरची सोय मोडायची. आणि ते कळणार कधी, तर ट्रॉल्या टाकणारा माणूस निवृत्त झाल्यावर, त्याच्या मुलाच्या हाती जमीन आल्यावर.

बापूदादानं घरातून मृदा आरोग्य पत्रिका आणली. तिच्यावर बारा रकाने असतात: सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश (पोटॅश), गंधक, जस्त, लोह, तांबं, मंगल (मँगनीज), बोरॉन. जस्ताच्या रकान्यात "कमी" लिहिलेलं. महाराष्ट्रातल्या बऱ्याच जमिनींत ते कमीच निघतं. म्हणजे या पत्रिकेनुसार गाळ टाकला तर जमिनीचं भलंच होणार, जस्त वाढणार. कॅडमियमचा रकाना तिच्यात नाही. शिसं नाही, निकेल नाही. पत्रिका खोटं बोलत नाही. तिला कुणी विचारलेलंच नाही.

मग काय, गाळ पुरून टाकायचा? स्वित्झर्लंडनं २००३ मध्ये शेतात गाळ टाकणं बंद करायचं ठरवलं आणि टप्प्याटप्प्यानं ते बंद केलंही. ते श्रीमंत, जाळून टाकतात. पण गाळात स्फुरद आहे, आणि स्फुरद खाणीतून येतो, कारखान्यात बनत नाही. भारत डीएपी हे स्फुरदाचं खत आणि त्याचा कच्चा दगड बाहेरून आणतो. त्या दगडातही कॅडमियम असतंच, म्हणजे गोणीतलं खत म्हणजे शुद्ध आणि गाळ म्हणजे घाण असा सरळ भेद करता येत नाही. जर्मनीनं २०१७ च्या गाळ अध्यादेशात मोठ्या शहरांच्या केंद्रांना स्फुरद वेगळा काढणं बंधनकारक केलं, २०२९ पासून. पाहू त्यांचं कसं जमतं.

ज्या देशांत गाळ पूर्वीपेक्षा साफ झाला तिथे तो केंद्रात साफ झालेला नाही. कारखान्याच्या दारात झाला. प्लेटिंगवाल्यानं आपलं पाणी ड्रेनेजला सोडायच्या आधी त्यातला निकेल, क्रोमियम तिथेच काढून घ्यायचा, हा नियम नुसता छापून न ठेवता राबवला, त्यामुळे. एकदा शेकडो मोऱ्यांचं पाणी एका पाइपात मिसळलं की मग कोणाचं निकेल आणि कोणाचं जस्त, हे शोधणं देवालाही जमणार नाही.

बापूदादानं शेवटी केंद्रावर जाऊन गाळाचा तपासणी अहवाल मागितला. मिळाला. त्यावर नत्र, स्फुरद, पालाश, कर्ब, ओलावा होता. त्यानं धातूंचं विचारलं तर तिथल्या माणसानं वर पाहिलं, "तसं इथे कोणी मागत नाही." भांडण झालं नाही. बापूदादानं तिथेच बसून अर्ज लिहिला: ट्रॉलीबरोबर वजनाची पावती देता तशी कॅडमियम, शिसं, निकेल, क्रोमियमची तपासणीही द्यावी, दर तिमाहीला. दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून घेतला. घरी आल्यावर मला फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, भाजीच्या वाफ्यात एवढ्यात टाकत नाही, बांधावरच्या बांबूला आणि सागाला एक ट्रॉली घेऊन बघतो, आणि ती कुठे टाकली ते वहीत लिहून ठेवतो, म्हणजे पोराला सांगता येईल.